वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ वर्गात कसा शिकवावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, पलूस या भागात पाचवी ते दहावीला मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांचे आणि त्या वर्गांतल्या मुलांच्या पालकांचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं मुद्दाम आपल्या शिवारातली, बाजारातली आणि नदीकाठची घेतली आहेत. मूल ज्या वस्तू रोज बघतं त्यांवरच भाषेची ही गंमत त्याला आधी कळते.

मुलांना हा फरक सोप्यात सोपा कसा सांगायचा?

व्याख्येने सुरुवात करू नका. फळ्यावर दोन वाक्यं लिहा. "सोनाराने बाळाचे कान टोचले." "आजोबांनी दादाचे कान टोचले." मग विचारा, दुसऱ्या वाक्यात सुई कुठे आहे? दादा रडला का? कानात काडी घातली का? मुलं हसायला लागली की निम्मं काम झालं. दुसऱ्या वाक्यात कोणी कानाला हातही लावलेला नाही, हे त्यांचं त्यांनाच कळलेलं असतं. यानंतर तिसरं वाक्य लिहा: "सोनारानेच कान टोचावेत." आता वर्गात वाद होऊ द्या. कुणी म्हणेल हा सल्ला खरोखरच्या कानांबद्दल आहे, कुणी म्हणेल ज्याचा अधिकार त्यानेच समज द्यावी असा अर्थ आहे. दोघांचंही बरोबर आहे, आणि म्हण झाली ती दोन्ही अर्थ एकाच वेळी पेलते म्हणूनच.

शब्द कानावर पडताच जो सरळ अर्थ कळतो तो वाच्यार्थ. तो सरळ अर्थ त्या जागी बसत नाही, म्हणून त्याला लागून असलेला जो दुसरा अर्थ घ्यावा लागतो तो लक्ष्यार्थ. एवढं पुरे.

एक काळजी मात्र घ्या. लक्ष्यार्थाला "खरा अर्थ" म्हणू नका. तसं म्हटलं की वाच्यार्थ म्हणजे चूक, अशी मुलांची समजूत होते आणि ती दहावीपर्यंत जात नाही. वाच्यार्थ नीट डोळ्यांपुढे उभा राहिला तरच लक्ष्यार्थाला जोर येतो. या पानावरची बाकीची उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

अभिधा, लक्षणा, व्यंजना या संज्ञा कधी शिकवाव्यात?

आठवीच्या आधी नको. नववी-दहावीत जरूर. उदाहरणांचा साठा झाल्यावर मुलांना या संज्ञा जड वाटत नाहीत.

सरळ अर्थ सांगणारी शब्दाची शक्ती ती अभिधा, तो अर्थ अडल्यावर शेजारचा अर्थ देणारी ती लक्षणा. "बाबा ताटावर बसले आहेत" हे व्याकरणाच्या पुस्तकांतलं नेहमीचं वाक्य लक्षणेचं. व्यंजना समजावताना मात्र शिक्षक अडखळतात, कारण तिथे वाच्यार्थ मुळीच अडत नाही. काश्मीरच्या मम्मटाने अकराव्या शतकात 'काव्यप्रकाश'मध्ये दिलेलं उदाहरण आजही वर्गात चालतं: सूर्य मावळला. एवढंच वाक्य, पण ऐकणारा बदलला की सूचना बदलते. आपल्याकडचे ऐकणारे घ्या. रानात जनावरं चारणाऱ्याला "दिवस मावळला" म्हटलं तर गुरं घराकडे वळव. मार्केट यार्डातल्या हमालाला म्हटलं तर काम आवर. आजीला म्हटलं तर देवापुढे दिवा लाव. दिवस तिन्ही ठिकाणी खरोखरच मावळलेला आहे. मुलांना आणखी दोन ऐकणारे शोधायला सांगा. मैदानावर क्रिकेट खेळणारा पोरगा बहुतेक पहिल्या फटक्यात येतो.

एखाद्या वाक्यात लक्ष्यार्थ आहे हे मुलांनी ओळखायचं कसं?

जुन्या साहित्यशास्त्रात लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत आणि शिकवायला त्यांच्याइतकी चांगली पट्टी मला दुसरी सापडलेली नाही. पहिली अट, सरळ अर्थ अडला पाहिजे. दुसरी, नवा अर्थ जुन्या अर्थाशी कुठल्या तरी नात्याने जोडलेला हवा. तिसरी, असं आडून बोलायला एक तर रूढी हवी, नाही तर काही हेतू हवा.

"हा रस्ता तासगावला जातो" हे वाक्य घ्या. रस्ता जागचा हलत नाही, म्हणजे अर्थ अडला. रस्त्यावरून माणसं जातात, हे नातं. आणि सगळेच असं बोलतात, ही रूढी. बस थांबली की कंडक्टर "मिरज आली" म्हणतो तेही तसंच. कपाचा कान, करवतीचे दात, डोंगराचा पायथा यांतही कधीकाळी कुणाला तरी कान, दात आणि पाय दिसले होते. आता ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत. मुलांना घरात अशा जागा शोधायला लावा, दुसऱ्या दिवशी वही भरून येते.

हेतूचं उदाहरण सांगलीकरांच्या तोंडी कायम असतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आणलं आणि पुढे या गावाला नाट्यपंढरी म्हणू लागले. सांगलीत पंढरपूर नाही, चंद्रभागाही नाही, अर्थ अडला. वारकऱ्याला जशी पंढरी तशी नाटकाच्या माणसाला सांगली, हे नातं. आता मुलांना तोच मजकूर सरळ लिहायला सांगा. "सांगली हे मराठी नाटकाचं महत्त्वाचं केंद्र आहे" असं ते लिहितील. माहिती तीच आहे. मग विचारा, काय हरवलं? वारी हरवली, श्रद्धा हरवली, दरवर्षी परत येण्याची ओढ हरवली. जे हरवलं तोच तिथे लक्ष्यार्थ वापरण्याचा हेतू होता. कुठलीही कवितेची ओळ अशी सरळ करून बघता येते, आणि ही सवय लागली की मूल व्याख्या पाठ न करता बोलायला लागतं.

मुलं वाक्प्रचार अर्थासकट पाठ करतात, पण वाक्यात उपयोग करताना चुकतात. असं का होतं?

कारण त्यांनी चित्र न बघता अर्थ पाठ केलेला असतो. "तोंडचे पाणी पळणे : खूप घाबरणे" हे गाइडमध्ये वाचलेलं मूल परीक्षेत लिहितं, "उन्हात चालल्यामुळे माझ्या तोंडचे पाणी पळाले." त्याला चूक द्यायची हे खरं, पण आधी त्याने काय केलं ते बघा. तोंड कोरडं पडतं हे चित्र त्याला बरोबर दिसलं आहे. भीतीने तोंडाला कोरड पडते, हा पुढचा दुवा त्याला कुणी दाखवलेला नाही. तेवढा दाखवला की तो वाक्प्रचार पुन्हा चुकत नाही.

म्हणून प्रत्येक वाक्प्रचाराला आधी वाच्यार्थाचं चित्र काढून घ्या, अगदी कागदावर. मग विचारा की या चित्रातली कुठली गोष्ट माणसाच्या वागण्यात येते.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या दाराशी आहे. "गावात क्लासेसचं पेव फुटलंय" हे वाक्य सातवीतल्या पोरांनी शंभरदा ऐकलेलं असतं. पेव म्हणजे काय, हे मात्र वर्गातल्या फार थोड्यांना सांगता येतं. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथे जमिनीत खोल खणलेल्या पेवांमध्ये हळद साठवायची पद्धत होती. वर लहानसं तोंड, खाली माणूस उतरेल एवढी पोकळी, आणि तोंड बंद केलं की आतला माल कोरडा आणि कीड न लागता टिकायचा. धान्यासाठीही अशी पेवं असत. अशा पेवाचं तोंड उघडलं की आत किती माल होता ते एकदम बाहेर दिसतं. इतका वेळ जमिनीवर काहीच नव्हतं आणि आता ढीगच ढीग! एवढं सांगितलं की "पेव फुटणे" म्हणजे नुसतं "पुष्कळ होणे" नव्हे, अचानक आणि एकाच वेळी पुष्कळ होणे, हा बारकावा मूल आपणहून सांगतं. "आमच्या वर्गात पंचवीस मुलांचं पेव फुटलं आहे" असलं वाक्य मग ते लिहीत नाही. जमलं तर मुलांना हरिपुरातल्या एखाद्या जुन्या माणसाशी बोलायला लावा. पेवात उतरण्याआधी काय काळजी घ्यायचे, हे त्या माणसांकडूनच ऐकावं.

म्हणींना वेगळी पद्धत लागते का?

थोडी वेगळी. वाक्प्रचार वाक्यात विरघळतो, म्हण स्वतःच पूर्ण असते आणि ती कुठल्या तरी प्रसंगावर ठेवायची असते. म्हणून म्हणीचा अर्थ विचारू नका, प्रसंग विचारा.

"पी हळद अन् हो गोरी" ही म्हण सांगलीत शिकवायची तर हळदीचं वेळापत्रक आधी फळ्यावर मांडा. मे-जूनच्या सुमारास लागण, काढायला जानेवारी उजाडतो, म्हणजे आठ-नऊ महिने पीक रानातच. मग गड्डे शिजवायचे, वाळवायचे, पॉलिश करायचे, आणि तेव्हा कुठे माल सौद्याला जातो. ज्या पिकाला एवढा धीर लागतो त्याच हळदीचा पेला पिऊन लगेच गोरं व्हायची घाई! घाईवरचं बोट इतकं नेमकं आहे, की हळदवाल्याच्या पोराला ते सांगावंही लागत नाही. जाता जाता, गोरेपणाची हाव या म्हणीत आहे ती तशीच सोडू नका. वर्गात त्यावर बोलणं व्हायला हवं. म्हण शिकवली म्हणजे तिच्यातलं सगळं मान्य केलं असं नव्हे.

एकच वाक्य दोन्ही अर्थांनी खरं असलं तर?

असतंच. "ताईला हळद लागली" म्हटलं तर हळद खरोखर लागलेली असते आणि लग्नाचे विधी सुरू झाले हेही कळतं. "त्याने मान खाली घातली" यात मान खरंच खाली आहे आणि शरमही आहे. अशा वेळी मुलांना एकच पर्याय निवडायला लावू नका. आजूबाजूची वाक्यं वाचून कुठल्या अर्थावर जास्त भार आहे ते विचारा.

उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक यांत मुलं कायम गोंधळतात. काय करावं?

तीन वेगवेगळ्या कवितांतली तीन उदाहरणं देऊ नका. एकच दृश्य तीनदा लिहा.

"शिवारातला ऊस सैन्यासारखा उभा आहे." ऊस वेगळा, सैन्य वेगळं, मध्ये "सारखा". ही उपमा. "शिवारातला ऊस म्हणजे जणू सैन्यच!" इथे बघणाऱ्याला क्षणभर तसं वाटलं. ही उत्प्रेक्षा. "उसाचं सैन्य शिवारात उभं आहे." आता दोघांत अंतरच उरलं नाही. हे रूपक. ऊस सैन्याच्या किती जवळ सरकला, हा एकच प्रश्न तिन्ही ठिकाणी विचारायचा. सम, समान, परी, जणू, गमे, वाटे या शब्दांच्या याद्या मुलांना पाठ असतात आणि त्या उपयोगीही पडतात. पण नुसत्या यादीवर विसंबलेलं मूल "मला वाटे की पाऊस येईल" यातही उत्प्रेक्षा शोधतं.

"अतिशयोक्ती म्हणजे खोटंच ना?" असं मुलं विचारतात.

फार चांगला प्रश्न आहे, टाळू नका. खोटं बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याची फसवणूक करायची असते. "भुकेने जीव गेला" म्हणणाऱ्याला आईने डॉक्टर बोलवावा असं वाटत नाही, आणि आईही बोलवत नाही. दोघांनाही माप माहीत आहे. तेच पीकविम्याच्या अर्जात कुणी दोन गुंठ्यांचं नुकसान दोन एकर लिहिलं, तर ते खोटं, कारण तिथे वाचणारा आकडा अक्षरशः घेणार आहे. कुठे अक्षरशः बोलायचं आणि कुठे आडून बोललं तरी चालतं, हा विवेक शिकवणं हेही भाषेच्या शिक्षकाचंच काम आहे.

पुराबद्दल बोलताना पाण्याचे वाक्प्रचार शिकवावेत का?

शिकवावेत, पण वर्गाकडे बघून. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. त्या वेळी छातीएवढ्या पाण्यातून ज्यांनी घर सोडलं त्या घरांतली मुलं आपल्या वर्गात आहेत. इतर जिल्ह्यांत "पाणी गळ्याशी आलं" हा नुसता वाक्प्रचार. इथे एखाद्या घरात ती आठवण असते. अशा मुलाला "वाच्यार्थाचं चित्र काढ" म्हणून लगेच पुढे ढकलू नये. त्याला बोलायचं असेल तर बोलू द्यावं, नसेल तर दुसरा वाक्प्रचार घ्यावा.

याच विषयावर एक वाचनाचा तास मात्र प्रत्येक शाळेने घ्यावा असं मला मनापासून वाटतं. पुराच्या दिवसांतलं एखादं स्थानिक वर्तमानपत्र घ्या आणि मुलांना दोन रंगांनी रेघा मारायला सांगा. "पातळी ४३ फुटांवर", "पूल वाहतुकीस बंद", "नागरिकांनी स्थलांतर करावे" एका रंगाने. "कृष्णामाई कोपली", "नदीने रौद्र रूप धारण केले" दुसऱ्या रंगाने. मग विचारा, घर सोडायचं की नाही हे ठरवताना यांतलं कुठलं वाक्य कामाचं? आणि पूर ओसरल्यावर आजीला जे सांगायचं असतं ते कुठल्या वाक्यात मावतं? "कृष्णामाई" म्हणणारा माणूस नदीची ओटीही भरतो आणि पातळीचा आकडाही विचारतो. दोन्ही भाषा त्याला लागतात.

उपरोध कोणत्या वयात कळतो?

साधी तुलना बालवाडीतल्या मुलालाही कळते. उपरोध त्यामानाने बराच उशिरा, कारण तिथे शब्दांचा अर्थ धरून बोलणाऱ्याच्या मनातलं उलटं ओळखावं लागतं. "वा, काय दिवे लावलेत!" हे वाक्य कौतुकाच्या आणि रागाच्या अशा दोन सुरांत म्हणून दाखवा, फरक सुरातच आहे. आणि एक विनंती: पाचवी-सहावीच्या मुलांना चूक दाखवताना उपरोध वापरू नये. काहींना तो कळत नाही, ज्यांना कळतो त्यांना तो लागतो.

घरी कन्नड बोलणारी किंवा ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबांतली मुलं मागे पडतात. त्यांचं काय?

जत आणि मिरज तालुक्यांतल्या कित्येक गावांत मुलाची घरची भाषा कन्नड असते. त्याला कल्पना समजत नाही असं नाही, आपला ठरलेला शब्दप्रयोग माहीत नसतो. रूढी ऐकूनच कळते, तर्काने नाही. "घोडं पेंड खातं" हे काम अडण्याबद्दल आहे हे कितीही हुशार मुलाला ऐकल्याशिवाय कसं कळणार? म्हणून अशा मुलाला अर्थ विचारण्याआधी प्रसंगासकट दोन-तीनदा ऐकवा. मग उलट विचारा, तुमच्या घरी अशा वेळी काय म्हणतात? तो घरून विचारून येईल, आणि त्या दिवशी शिकवणारा तो असेल.

हंगामात कारखान्याच्या परिसरात राहणारी मराठवाड्यातली मुलं तर मराठीच बोलतात. त्यांचे वाक्प्रचार आपल्या पुस्तकात नाहीत म्हणून ते चुकीचे ठरत नाहीत. फळ्यावर त्यांनाही जागा द्या.

माझं मूल स्वमग्न आहे. ते सगळं अक्षरशः घेतं. काय करावं?

पुष्कळ स्वमग्न मुलांना आडून बोललेलं लगेच कळत नाही. "दोन मिनिटांत येतो" म्हटलं की ती घड्याळ बघतात. सूचना देताना सरळ बोला: "डोकं खाऊ नको" याऐवजी "मी काम करतोय, पाच वाजता बोलू". वाक्प्रचार वेगळे बसून शिकवा, एका वेळी एक, चित्र आणि प्रसंगासह, आणि त्याची स्वतःची वही करा. कित्येक मुलांना असा संग्रह करायला फार आवडतं. वर्गात त्याच्या अक्षरशः उत्तरावर हसू येऊ देऊ नका. वाच्यार्थ त्याने अचूक सांगितलेला असतो, तेवढं श्रेय द्या. जास्त मदत हवी असेल तर वाचा-भाषा उपचारतज्ज्ञाला भेटा.

मुलांच्या तोंडची बोली आणि मोबाइलवरची भाषा वर्गात आणू द्यावी का?

आणू द्याच. "जाळ अन् धूर संगटच" असं आपल्याकडची पोरं एखाद्या भारी गोष्टीला म्हणतात. एरवी आधी धूर येतो, मग जाळ. दोन्ही एकदम म्हणजे थांबायची सवडच नाही! एवढी ताकदीची अतिशयोक्ती त्यांनी स्वतःच्या चुलीवरून उचलली आहे. तीच पट्टी लावा: अर्थ कुठे अडला, नातं काय, हेतू काय? हे जमलेलं पोरगं पुस्तकातली कविता उघडताना बिचकत नाही. निबंधात कुठली भाषा आणि कट्ट्यावर कुठली, हे नंतर सांगता येतं.

विज्ञानाच्या शिक्षकांनी याकडे लक्ष द्यावं का?

हो. "विद्युतप्रवाह" म्हटलं की मुलं तारेत पाणी वाहताना बघतात, आणि "सूर्य उगवला" म्हणत असतानाच पृथ्वी फिरते हेही शिकतात. शब्द कुठून आला आणि साम्य कुठे संपतं, एवढं त्या त्या वेळी सांगितलं तरी चालतं.

दहावीच्या रसग्रहणात याचा काय उपयोग?

"कवीने रूपक अलंकार वापरला आहे" एवढंच लिहून उत्तर होत नाही. कशाला काय म्हटलं, ते का पटतं, आणि सरळ सांगितलं असतं तर काय हरवलं असतं, ही तीन वाक्यं लिहायला सांगा. नाट्यपंढरीच्या उदाहरणावर सराव झालेला असेल तर वेळ लागत नाही.

पालकांनी घरी काय करावं?

वेगळा अभ्यास नको. बोलताना तुमच्या तोंडून वाक्प्रचार गेला आणि पोराने "म्हणजे काय?" विचारलं, तर कामात असलात तरी क्षणभर थांबा. अर्थ सांगून मोकळं होऊ नका. त्यातली वस्तू दाखवता आली तर दाखवा: जातं, मोट, चरक, सूप, पेव. आजी-आजोबा घरात असतील तर हे काम त्यांच्याकडे द्या. यांतल्या कितीतरी वस्तू त्यांनी हाताने वापरल्या आहेत, आणि नातवंडांनी विचारलं तर ते अर्धा तास सांगत बसतील.